नाव कुणाचं, तारीख कधीची

“ताई, त्यो राहतोय कुठं, हे कोर्टाला दिसत न्हाई व्हय?”

शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात, झेरॉक्सच्या टपरीशेजारी उभं राहून अण्णांनी मला हे विचारलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. हुकूम नुकताच वाचून झाला होता आणि आम्ही हरलो होतो. त्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत लाल बांधणीची खातेवही. ती वही ते दर तारखेला इचलकरंजीहून घेऊन यायचे. तिची प्रमाणित प्रत कधीच दाखल झाली होती, मूळ वहीची आता गरज नव्हती, तरी आणायचे. मी त्यांना कायदा समजावून सांगितला आणि त्यांनी तो ऐकूनही घेतला. पण त्यांचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. दिवाणी वकिलीत पंचवीस वर्षं काढल्यावर आज त्याचं जे उत्तर माझ्यापाशी आहे, ते मांडून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

अण्णा सुताचे व्यापारी. इचलकरंजीतला धंदा उधारीवर चालतो. गिरणीकडून सूत यायचं, व्यापारी ते कापडवाल्याला द्यायचा, कापडवाला साईझिंगमधून बीम भरून घेऊन खर्चीवाल्या यंत्रमागधारकांकडून मजुरीवर कापड विणून घ्यायचा, आणि कापड विकलं गेलं की पैसा उलट्या वाटेनं परत यायचा. मधला एक जण बसला की मागची सगळी साखळी ओढली जाते. असाच एक पुण्याचा कापडवाला २००९ च्या सुमारास बसला. अण्णांचे त्याच्याकडे एकतीस लाख अडकले. गिरणीचे पैसे मात्र अण्णांना चुकते करावेच लागले. त्यासाठी त्यांनी गावाकडचा मळ्याचा एक तुकडा विकला. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

बिलांवर सह्या होत्या, त्यामुळे समरी दावा लवकर निकालात निघाला. २०१२ मध्ये हुकूमनामा झाला. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, हे दिवाणी कोर्टात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. तो बजावण्यासाठी दरखास्त लावावी लागते. ऋणको पुण्यात राहत असल्यानं हुकूमनामा इकडच्या न्यायालयाकडे वर्ग झाला, आणि अण्णांनी मला वकीलपत्र दिलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पत्ता सांगितला. प्रभात रोडच्या एका गल्लीतला जुना दगडी बंगला, पुढे ओटा, ओट्यावर झोपाळा. “त्या झोपाळ्यावर बसून चा पिलाय मी,” अण्णा म्हणाले. “बंगला बघूनच उधारी दिली बघा. म्हटलं, एवढ्या घरचा माणूस बुडवंल कशाला?”

मी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली. धारकाच्या रकान्यात ऋणकोचं नाव नव्हतं. तिथे तीन नावं होती आणि त्यांच्यापुढे ‘विश्वस्त’ असा शब्द. निबंधक कार्यालयात शोध घेतला तेव्हा १९९८ चा नोंदणीकृत ट्रस्टचा दस्त हाती आला. करून देणारी ऋणकोची आई. बंगला तिला तिच्या वडिलांकडून मिळालेला. त्याबरोबर थोडे शेअर आणि मुदतठेवी. विश्वस्त तीन: तिचा भाऊ, एक निवृत्त हिशेबतपासनीस आणि घरोब्यातले एक डॉक्टर. लाभार्थी म्हणून मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलाच्या हयातीनंतर सगळं नातवंडांचं. आई २००३ साली गेली.

दस्त इंग्रजीत होता. त्यातल्या एका कलमावर माझं बोट थांबलं. ट्रस्टचं उत्पन्न किंवा मिळकतीचा वापर या लाभार्थ्यांपैकी कुणाला, किती, केव्हा द्यायचा, किंवा द्यायचाच नाही, हे विश्वस्तांनी आपल्या पूर्ण विवेकानं ठरवायचं होतं. कुणाचाही हिस्सा ठरवलेला नव्हता. वकिलांच्या भाषेत हा डिस्क्रीशनरी ट्रस्ट.

दस्तात ‘उत्पन्नाचा चौथा हिस्सा मुलाला’ एवढं जरी लिहिलेलं असतं, तरी माझं काम सोपं होतं. ठरलेला हिस्सा ही मिळकतच असते. ट्रस्ट कायद्याच्या ५८ व्या कलमाप्रमाणे लाभार्थी आपला हितसंबंध दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्याला जे विकता येतं ते सावकाराला जप्तही करता येतं. इथे हिस्साच नव्हता. होती ती फक्त आशा. तरीही मी जप्तीचा अर्ज दिला. बंगल्यातला आणि ट्रस्टच्या उत्पन्नातला त्याचा जो काही हक्क, संबंध असेल तो जप्त व्हावा, अशी मागणी केली. जप्तीचा हुकूम झाला, बेलीफानं तो बंगल्याच्या दाराला डकवला आणि पंधरा दिवसांत विश्वस्तांची हरकत आली.

युक्तिवादाची तयारी मी मनापासून केली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमातले शब्द माझ्या बाजूचे वाटत होते. ऋणकोच्या नावावर असलेलीच नव्हे, तर त्याच्यासाठी दुसऱ्यानं विश्वस्त म्हणून धारण केलेली मिळकतही जप्त होते, असं ते कलम म्हणतं. मी ते वाचून दाखवलं. न्यायाधीशांनी त्याच वाक्यातला आधीचा भाग मला पुन्हा वाचायला लावला: जिची विल्हेवाट ऋणको स्वतःच्या फायद्यासाठी लावू शकतो अशी मिळकत. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “वकीलसाहेब, समजा आज विश्वस्तांनी ठरवलं की यंदा याला काहीच द्यायचं नाही. तर हा माणूस दावा लावून त्यांच्याकडून एक रुपया वसूल करू शकेल का?”

मी उभी होते. मागच्या बाकावर अण्णा मांडीवर वही घेऊन बसले होते. ट्रस्ट कायद्याच्या ४९ व्या कलमाचा आधार मी घेऊन पाहिला. विश्वस्तांनी आपला विवेक वाजवीपणे आणि सद्‌भावनेनं वापरला नाही तर न्यायालय त्यावर नियंत्रण ठेवू शकतं, हे सांगितलं. “नियंत्रण ठेवेल. पण याला अमुक इतके द्या, असं म्हणेल?” या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ हेच होतं, आणि मी तेच दिलं.

“जे त्याला स्वतःला मागता येत नाही, ते त्याच्या सावकाराला कसं मागता येईल?”

सगळ्या प्रकरणाचं मर्म या एका प्रश्नात होतं. ऋणकोला जेवढा हक्क, त्याहून तसूभर जास्त धनकोला नाही. इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभागृहानं गार्टसाइड खटल्यात १९६७ साली हेच सांगितलं होतं: अशा ट्रस्टमधल्या लाभार्थ्याला फक्त आपला विचार व्हावा एवढा हक्क असतो, अमुक रकमेवर नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१४ मध्ये गोंडल संस्थानिकांच्या संपत्तीकराच्या प्रकरणात डिस्क्रीशनरी ट्रस्टबद्दल तीच भूमिका घेतली. तिथे मागणारं सरकार होतं. शिवाय ६० व्या कलमातच, ज्या गोष्टी जप्त होत नाहीत त्यांच्या यादीत, निव्वळ संभाव्य हक्क असा एक प्रकार आहे. आशेवर टाच आणता येत नाही. जप्ती उठली.

अण्णांना मी बाहेर येऊन हे सांगितलं, तेव्हा त्यांनी सुरुवातीचा तो प्रश्न विचारला. अपील करता येतं, हेही मी सांगितलं. त्यात यश येईल असं मात्र मला वाटत नव्हतं, आणि तसं मी स्पष्ट बोलले. “मग त्याला आत टाका,” ते म्हणाले. दिवाणी कैदेची तरतूद आहे. पण १९८० च्या जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावून ठेवलं आहे की नुसतं देणं फिटलं नाही म्हणून माणसाला तुरुंगात घालता येत नाही. ऐपत असून बुडवण्याची नियत दाखवावी लागते. आणि ऐपत म्हटली की आम्ही पुन्हा त्याच बंगल्याच्या फाटकाशी येत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटत होतं, हा कायदा श्रीमंतांच्या घराभोवती बांधलेली भिंत आहे. मळा विकणारा बाहेर आणि झोपाळ्यावर बसणारा आत.

पण दरखास्त अजून जिवंत होती. संहितेच्या एकविसाव्या आदेशातल्या ४१ व्या नियमाखाली ऋणकोला न्यायालयात बोलावून त्याच्या मिळकतीबद्दल शपथेवर तपासता येतं, कागद मागवता येतात. मी त्याची तपासणी मागितली आणि ट्रस्टचं इतिवृत्ताचं पुस्तकही. ते पुस्तक घेऊन विश्वस्तांपैकी मामा स्वतः आले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, धोतर-कोट, हातात छत्री. माझ्याकडे त्यांनी रागानं पाहिलं नाही. “बाई, हवं ते बघा,” एवढंच म्हणाले.

जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं पुस्तक. पहिल्या पानावर दोन रेघी कागद डकवलेले. आईनं विश्वस्तांना लिहिलेलं पत्र. निळ्या शाईत, सुवाच्य, शिक्षिकेचं असावं तसं अक्षर. १९९२ च्या शेअर बाजाराच्या वावटळीत मुलानं वडिलांचं दुकान घालवलं, त्याचं देणं तिनं आपले दागिने मोडून फेडलं, हे त्यात होतं. मुलगा मनानं वाईट नाही, पण हातात पैसा आला की त्याला थांबता येत नाही, असं तिनं लिहिलं होतं. माझ्या मागे सुनेला आणि नातवंडांना छप्पर राहावं. मुलाला उपाशी ठेवू नका, पण त्याच्या हातात पुडकं देऊ नका. आणि शेवटी एक ओळ: दादा, तू नाही म्हणायला शीक.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग पुढची पानं चाळली. वर्षाकाठी दोन सभा. मालमत्ता कर भरला. शाळेची फी परस्पर शाळेला. सुनेच्या खात्यावर दरमहा घरखर्च. एका वर्षी मुलाच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचं बिल परस्पर रुग्णालयाला. कुठेही त्याच्या हातात रोख नाही. मामा नाही म्हणायला शिकले होते. बारा-तेरा वर्षं, ओळीनं.

एक नोंद मात्र वेगळी होती. पुस्तक माझ्या हाती आलं त्याच वर्षीच्या मार्चमधली. मुलाला पुन्हा छोटा व्यवसाय उभा करण्यासाठी साडेचार लाख रुपये द्यावेत, असा ठराव मंजूर झाला होता आणि तसं पत्रही त्याला गेलं होतं. धनादेश निघायचा राहिला होता, कारण सही करणारे डॉक्टर परगावी होते. बहुधा मामांचाही हात त्या दिवशी सैल पडला असावा. भाचा होता शेवटी.

मला हवं होतं ते मिळालं. विश्वस्तांनी विवेक वापरून ‘द्यायचं’ असं ठरवलं आणि त्याला कळवलं, की आशेचं रूपांतर येण्यात होतं. तोवर काही नसतं; त्या क्षणापासून ती रक्कम त्याची असते, आणि त्याची ती त्याच्या सावकाराची. एकविसाव्या आदेशाच्या ४६-अ नियमाखाली मी न्यायालयाकडून विश्वस्तांनाच नोटीस काढवली: ही रक्कम ऋणकोला देऊ नका, न्यायालयात भरा. ठराव मागे घेता येतो, असं त्यांच्या वकिलांनी सांगून पाहिलं, पण कळवलेला ठराव न्यायालयानं पक्का धरला. पैसे भरले गेले. एकतीस लाख आणि वर व्याज एवढं येणं, त्यातले फक्त साडेचार लाख अण्णांच्या हाती आले.

त्यानंतर इतिवृत्तात त्याच्या नावानं एकही ठराव झाला नाही. नळ पुन्हा बंद झाला, आणि तो बंद करण्यात कायद्याविरुद्ध काहीच नव्हतं.

माझं मन मात्र त्या पत्रानं बदललं होतं. मी तोवर बंगल्याकडे ऋणकोचा बंगला म्हणून पाहत होते. तो त्याचा कधीच नव्हता. आईचा होता, आणि आईनं तो त्याला दिलाच नव्हता. अण्णांनी सूत दिलं त्याच्या अकरा वर्षं आधी तो दस्त नोंदवलेला होता, कुणीही जाऊन बघावा असा. तिनं सावकारांना फसवलं नाही, तेव्हा सावकार कुणी नव्हतेच. अण्णांचं चुकलं असेल तर एवढंच, की झोपाळा पाहिला आणि पत्रिका पाहिली नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाईचं बरोबर हाय. पर माझं बी खोटं न्हाई.”

खरंच होतं. दोघांचंही खरं होतं. अशा ठिकाणी कायद्यानं काय करावं, हा प्रश्न जगभर विचारला गेलेला आहे. आपल्याकडे ट्रस्ट कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा दोन्ही १८८२ चे. योगायोगानं त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं ब्रॉडवे नॅशनल बँक विरुद्ध ॲडम्स या खटल्यात सावकाराविरुद्ध निकाल दिला. भावानं भावासाठी ठेवलेलं उत्पन्न, सावकारांच्या हाती लागू नये अशा स्पष्ट अटीसह, न्यायालयानं त्या भावाच्या सावकारापासून वाचवलं. देणाऱ्याचा पैसा, देणाऱ्याची अट, असा त्यामागचा विचार. तिथल्याच जॉन चिपमन ग्रे या कायदेपंडितानं पुढच्याच वर्षी एक अख्खं पुस्तक लिहून अशा अटींना विरोध केला. मोठ्या माणसानं आपली देणी फेडलीच पाहिजेत, हा त्याचा आग्रह. इंग्लंडनं मधला मार्ग काढला. तिथल्या १९२५ च्या कायद्यात, लाभार्थी दिवाळखोर झाला की त्याचा ठरलेला हक्क संपतो आणि ट्रस्ट आपोआप विवेकाधीन होतो, अशी सोय आहे.

आपण ती सोय घेतली नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १२ वं कलम सांगतं की दिवाळखोर झाल्यास किंवा हक्क विकू पाहिल्यास तो संपेल अशी अट रद्दबातल आहे. इंग्रजी नमुन्यावरून उतरवलेले कितीतरी दस्त माझ्यासमोर आले आहेत, ज्यांत ते इंग्लंडचं कलम जसंच्या तसं बसवलेलं असतं आणि करून घेणारा निर्धास्त असतो. आपल्याकडे आधी देऊन मग सावकार आला की काढून घेता येत नाही. आधी दिलंच नसेल, तर काढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. त्या आईच्या वकिलानं हे बरोबर ओळखलं होतं.

याच कलमांची दुसरी बाजू मला दोनच वर्षांनी दिसली. या वेळी माझे पक्षकार होते बांधकामाला लोखंड पुरवणारे एक दुकानदार. त्यांचं देणं एका छोट्या बिल्डरकडे. हुकूमनाम्याआधीच कुणकुण लागली की त्यानं आपला फ्लॅट आणि गावाकडची जमीन एका कौटुंबिक ट्रस्टला देऊन टाकली आहे. विश्वस्त बायको आणि मेहुणा. लाभार्थी तो स्वतः, बायको आणि मुलं. दस्तातले शब्द हुबेहूब आईच्या दस्तातले. पूर्ण विवेक, हिस्सा ठरलेला नाही, सगळं तसंच.

मी एका कोऱ्या कागदावर तारखा मांडल्या. चार तारखेला आमची मागणीची नोटीस त्याला पोचली, पोचपावतीवर त्याची सही होती. नऊ तारखेला मुद्रांक शुल्क भरलं. तेवीस तारखेला दस्त नोंदला. एकोणीस दिवस. मोबदला काही नाही. फ्लॅटमध्ये पूर्वीसारखाच तो राहत होता, सोसायटीचा देखभाल खर्च त्याच्याच खात्यातून जात होता, आणि हे दोन वजा केले तर त्याच्याकडे देणं फेडण्याजोगं काही उरत नव्हतं.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५३ वं कलम अशाच माणसासाठी आहे. धनकोंचं देणं बुडवण्याच्या किंवा लांबवण्याच्या हेतूनं केलेलं हस्तांतरण त्या धनकोंना रद्द करून घेता येतं. दावा एकट्यापुरता लावता येत नाही, सगळ्या धनकोंच्या वतीनं लावावा लागतो. म्हणून मी लोखंडवाल्यांबरोबर हार्डवेअरवाल्यांना आणि सेंटरिंगच्या ठेकेदारालाही भेटले. हेतू कुणी कागदावर लिहीत नाही. तो तारखांवरून, नात्यांवरून, ताबा कुणाकडे राहिला यावरून आणि मागे काय उरलं यावरून वाचावा लागतो. माझ्या हातातला तो तारखांचा कागद हाच माझा सगळ्यात मोठा साक्षीदार होता. उलटतपासणीत मी बिल्डरला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला: चार तारखेच्या आधी, कुठल्याही दिवशी, कुणापाशी तुम्ही या ट्रस्टचा विषय काढला होता का? तो मेहुण्याकडे पाहत राहिला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. अपिलात त्यानं तडजोड केली आणि देणी चुकती झाली. दिवाळखोरीच्या जुन्या कायद्यांतही हीच सावधगिरी आहे. मुंबईसारख्या इलाखा शहरांसाठीचा १९०९ चा आणि इतर मुलखासाठीचा १९२० चा कायदा, दोन्हींत दिवाळखोरीच्या आदल्या दोन वर्षांतलं फुकटचं हस्तांतरण टिकत नाही. कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या नव्या दिवाळखोरी संहितेतही मागच्या दोन वर्षांतले कमी मोलाचे व्यवहार उकरता येतात.

दोन दस्त, एकच मजकूर, आणि एक टिकला, एक पडला. फरक शब्दांत नव्हता. पैसा कुणाचा होता, आणि दस्त कधीचा होता, या दोन गोष्टींत होता. आईनं स्वतःचं, देणं नसताना, दुसऱ्यासाठी बाजूला ठेवलं. बिल्डरनं स्वतःचं, देणं दारात आल्यावर, स्वतःसाठी लपवलं. अण्णांच्या निकालानंतर जी भिंत मला अन्यायाची वाटली होती, ती दोन्ही ठिकाणी सारखी नव्हती. एकीकडे छप्पर होतं, दुसरीकडे आडोसा.

तेव्हापासून मी स्वतः असे दस्त करून द्यायला लागले. आधी मी ते करत नसे, मनात अण्णा असायचे. एकदा एक बाई आल्या. मुलाला ऑनलाइन जुगाराचं व्यसन, सून माहेरी गेलेली, नात सात वर्षांची. निवृत्त परिचारिका, नावावर एक फ्लॅट आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम. “मुलाला तोडायचं नाही, पण त्याच्या हाती लागू द्यायचं नाही,” त्या म्हणाल्या. पत्र लिहिणारी ती आईच समोर बसल्यासारखी मला वाटली.

मी त्यांना आधी तीन प्रश्न विचारले. हे सगळं तुमचंच आहे ना, की मुलानं तुमच्या नावावर ठेवलंय? तुमच्यावर कुणाचं देणं आहे का, कुणाला जामीन राहिला आहात का? आणि यातून तुम्हाला स्वतःला वाचायचं आहे, की त्यांना वाचवायचं आहे? उत्तरं समाधानकारक आली, तरी देणं नसल्याचं शपथपत्र मी करून घेतलं. ते मी प्रत्येकाकडून घेते. एकदा एक गृहस्थ शपथपत्राचा मसुदा वाचून उठून गेले, पुन्हा आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग बाकीचं समजावलं. मुलाला विश्वस्त करू नका, एकटा लाभार्थीही करू नका. सज्ञान आणि एकटा लाभार्थी असेल तर ट्रस्ट कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे तो सगळी मिळकत माझ्या नावावर करा म्हणू शकतो, आणि त्याच्या मागून सावकार येतो. कुणाचाही हिस्सा ठरवू नका. त्याच्या खात्यावर दरमहा रक्कम टाकण्याचा पायंडा पाडू नका. शाळा, रुग्णालय, वाण्याचं बिल परस्पर भागवा आणि प्रत्येक निर्णय इतिवृत्तात लिहा. हिस्से ठरलेले नसल्यामुळे अशा ट्रस्टच्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे कमाल दरानं कर लागतो, तीही या संरक्षणाची किंमत समजा. आणि विश्वस्त असा निवडा, ज्याला नाही म्हणता येतं. हे शेवटचं कुठल्याही कलमात नाही. मला ते एका रेघी कागदावर सापडलं.

अण्णा पाच वर्षांपूर्वी गेले. हुकूमनाम्याची बारा वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली. बाकीची रक्कम खातेवहीत तशीच आहे. त्यांच्या मुलाला मी फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला, “ताई, अण्णांनी जाताना सांगितलं होतं, त्या बाईच्या नातवंडांवर राग धरू नको.”

धंदा आता तो बघतो. नवी पार्टी उधारी मागायला आली की तो तिच्या घराच्या मिळकत पत्रिकेचा फोटो मला मोबाइलवर पाठवतो. चहा पिऊन झाल्यावर नव्हे, आधी. मी चष्मा लावून बघते आणि त्याला दोनच गोष्टी कळवते: घर कुणाच्या नावावर आहे, आणि ते नाव केव्हापासून आहे. मागच्या महिन्यात एका पत्रिकेवर ‘विश्वस्त’ असा शब्द होता, नोंद बारा वर्षांपूर्वीची. मी लिहिलं, घर त्याचं नाही, ते सोडून त्याच्याकडे काय आहे ते बघ. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. सूत दिलं नव्हतं. पण त्या माणसाला त्यानं हेही सांगितलं होतं की आईनं चांगलं केलंय, तुम्ही रोखीनं घेऊन जा.